बाल्ड ईगलबरोबर काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे: पशुवैद्यकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या चॅनल आयलंड्स या आठ बेटांवर, बाल्ड ईगल या पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाच्या प्रकल्पात हंगामी स्वयंसेवक म्हणून जायची संधी मिळू शकते. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गरुड प्रत्यक्ष हाताळायला मिळतात का, बेटावरचे बाकीचे वन्यप्राणी समोर आले तर कसं वागायचं, आणि महाराष्ट्रात राहून तयारी काय करता येईल.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. हाताळायला मिळतात, पण फार थोडे आणि फार थोडा वेळ. मी या बेटांवर आणि किनाऱ्यावरच्या शिकारी पक्ष्यांच्या उपचार केंद्रात बरीच वर्षं काम केलं आहे. त्यातला बहुतेक वेळ गरुडापासून लांब बसून, दुर्बिणीला डोळा लावून, वहीत नोंदी करण्यात गेला. हे ऐकून तुमचा उत्साह मावळणार असेल तर अर्ज करण्याआधीच थोडा विचार करा. उत्साह टिकणार असेल तर पुढचं वाचा, कारण लांब का बसायचं हे या बेटांची हकीकत कळल्याशिवाय पटत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटांवर बाल्ड ईगल सर्रास घरटी करत. लोकांनी काही गोळ्या घालून मारले, काहींची अंडी पळवली, तरीही पक्षी टिकून होते. त्यांना संपवलं डीडीटी या कीटकनाशकाने. लॉस एंजेलिसजवळ माँट्रोज केमिकल कंपनीचा कारखाना 1947 पासून डीडीटी तयार करत होता आणि त्याचं सांडपाणी शहराच्या गटारांतून थेट समुद्रात जात होतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पालोस व्हर्डेसच्या किनाऱ्यासमोर अंदाजे 1,700 टन डीडीटी समुद्रात गेलं असं अमेरिकी पर्यावरण खात्याचं म्हणणं आहे. ते तळाच्या गाळात बसलं. गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत, माशांतून समुद्रपक्ष्यांत आणि सी लायनच्या (सीलसारखा समुद्री सस्तन प्राणी) चरबीत साठत गेलं. या सगळ्यांना खाणारा, आणि किनाऱ्याला लागलेलं मेलेलं सी लायन तर आवडीने खाणारा प्राणी म्हणजे बाल्ड ईगल. डीडीटीचं शरीरात डीडीई होतं आणि ते अंड्याच्या कवचात कॅल्शियम बसू देत नाही. मादी अंड्यावर बसली की अंडं तिच्याच वजनाने फुटायचं किंवा आतलं पाणी उडून जाऊन वाळायचं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आठही बेटांवरून बाल्ड ईगल नाहीसे झाले.

अमेरिकेने डीडीटीवर 1972 मध्ये बंदी घातली, पण गाळातलं डीडीटी कुठे जाणार? त्यामुळे 1980 मध्ये यांपैकी दक्षिणेकडच्या कॅटालिना बेटावर इन्स्टिट्यूट फॉर वाइल्डलाइफ स्टडीज या संस्थेने पुन्हा गरुड सोडायला सुरुवात केली तेव्हा पक्षी जगले, मोठे झाले, जोड्या जमल्या, अंडी घातली, आणि अंडी फुटली. 1980 ते 1986 या काळात 33 पिल्लं सोडली होती. त्यांतल्या जोड्यांना स्वतःच्या अंड्यातून पिल्लू काढता येत नव्हतं.

मग जे केलं गेलं ते माझ्या मते वन्यजीव संवर्धनातल्या सर्वांत चिकाटीच्या कामांपैकी एक आहे. मादीने अंडं घातलं की काही दिवसांत हेलिकॉप्टरखाली दोराला लटकून एक जीवशास्त्रज्ञ कड्यावरच्या घरट्यात उतरायचा. पातळ कवचाचं खरं अंडं उचलायचा आणि जागी नकली अंडं ठेवायचा. गरुड परत येऊन नकली अंड्यावर तितक्याच निष्ठेने बसायचे. खरं अंडं सॅन फ्रान्सिस्को प्राणिसंग्रहालयातल्या इन्क्युबेटरमध्ये जायचं. तुम्ही पशुवैद्य होणार म्हणून थोडं खोलात सांगतो: पक्ष्याचं अंडं उबवताना ठरावीक वेगाने पाणी गमावतं आणि त्यामुळे वजनाने हलकं होतं. कवच पातळ असलं की हा वेग वाढतो आणि गर्भ वाळून मरतो. म्हणून अंडं पुन्हा पुन्हा वजन करून यंत्रातली आर्द्रता वाढवत-घटवत राहावं लागतं. एवढं करूनही सगळी अंडी निघत नसत. जी पिल्लं निघत, ती थोडी मोठी झाल्यावर तोच दोर, तेच हेलिकॉप्टर, आणि नकली अंड्याच्या जागी पिल्लू. आईबापांनी ते स्वीकारलं की नाही हे कळायला फार वेळ लागत नसे. गरुड परततो, क्षणभर खाली बघतो आणि मासा फाडून भरवायला लागतो. हे एखाद्या वर्षीचं काम नव्हतं, जवळजवळ दोन दशकं चाललं. कॅटालिनावर माणसाच्या मदतीविना अंड्यातून पिल्लू निघालं ते थेट 2007 मध्ये.

त्याआधी उत्तरेकडच्या बेटांवर दुसरं पाऊल टाकलं गेलं होतं. माँट्रोज आणि इतर कंपन्यांविरुद्धच्या खटल्याच्या तडजोडीतून आलेल्या पैशांतून 2002 ते 2006 दरम्यान सांताक्रूझ बेटावर 61 तरुण गरुड सोडले. यासाठी वापरायच्या पद्धतीला हॅकिंग म्हणतात. साधारण आठ आठवड्यांची पिल्लं उंच मनोऱ्यावरच्या पिंजऱ्यात ठेवतात. समोर मोकळा समुद्र आणि डोंगर दिसतो, पण मासे टाकणारा माणूस दिसत नाही. पिल्लं पंख फडफडवून बळ आणतात आणि बारा आठवड्यांच्या सुमारास दार उघडलं जातं. या कामातला सर्वांत कडक नियम म्हणजे पिल्लाने खाऊ आणि माणूस यांची सांगड घालता कामा नये. मनोऱ्याखाली बोलायचं नाही, खोकला आला तर दूर जायचं. गरुड माणसाला भ्यायला हवा, कारण माणसाला न भिणारा गरुड बंदरात मासेमारांच्या होड्यांभोवती घिरट्या घालतो आणि गळाच्या दोऱ्यात अडकून किंवा विजेच्या तारांना चिकटून मरतो. स्वयंसेवकांना बहुधा इथूनच सुरुवात करावी लागे, आणि त्यांतले बरेच जण मनोऱ्यामागे मासे चिरत बसायचं काम कमी प्रतीचं समजत. माझ्या लेखी तेच प्रकल्पातलं सर्वांत जोखमीचं काम होतं.

2006 च्या वसंतात सांताक्रूझ बेटावर एका जोडीने आपलं अंडं आपण उबवून पिल्लू काढलं. उत्तरेकडच्या बेटांवर पन्नासहून अधिक वर्षांत असं घडलं नव्हतं. त्या पिल्लाला ए-49 हा क्रमांक मिळाला आणि घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून हजारो लोकांनी ते वाढताना पाहिलं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येण्याआधी एक गुंता समजून घ्या. चॅनल आयलंड्सवर बाल्ड ईगलबद्दल विचार करताना आयलंड फॉक्स वगळता येत नाही. ही बेटावरची खोकड पाळीव मांजराएवढी, दोनेक किलोची, आणि जगात फक्त याच बेटसमूहातल्या सहा बेटांवर सापडते. तिच्यावर आकाशातून झडप घालणारा शिकारी हजारो वर्षं तिथे नव्हता, म्हणून ती भर दिवसा उघड्यावर हिंडते. बाल्ड ईगल मासे, समुद्रपक्षी आणि मढी खातो. खोकडीच्या वाटेला तो सहसा जात नाही. सॅन मिगेल बेटावरच्या एका जुन्या घरट्यातले अवशेष उकरून तपासले तेव्हाही मुख्यतः माशांची आणि समुद्रपक्ष्यांचीच हाडं मिळाली. पण बाल्ड ईगल बेटावरून गेले आणि जागा रिकामी झाली. दरम्यान माणसांनी आणलेली डुकरं रानटी होऊन माजली होती. डुकरांच्या पिल्लांच्या आमिषाने 1990 च्या दशकात मुख्य भूमीवरून गोल्डन ईगल ही गरुडाची दुसरी जात आली आणि स्थायिक झाली. डुक्कर मोठं झालं की गरुडाच्या आवाक्याबाहेर जातं, खोकड कधीच जात नाही. सांताक्रूझ बेटावरच्या खोकडी सुमारे दीड हजारांवरून शंभराच्या आत आल्या. सॅन मिगेल आणि सांता रोझा या दोन्ही बेटांवर प्रत्येकी फक्त 15 उरल्या.

उपाय सगळ्या बाजूंनी करावा लागला. उरलेल्या खोकडी पकडून पिंजऱ्यात प्रजनन केलं. गोल्डन ईगल जिवंत पकडून मुख्य भूमीवर दूर नेऊन सोडले. सांताक्रूझवरची पाच हजारांवर डुकरं मारली, आणि याबद्दल तेव्हा खूप वाद झाला. डुकरांचा काय दोष, हा प्रश्न रास्त आहे. तरी मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे, कारण डुकरं जगात इतरत्र अगणित आहेत आणि ही खोकड फक्त इथेच आहे. सोबत बाल्ड ईगल परत आणले, कारण आपल्या हद्दीत तो दुसऱ्या गरुडाला सहजी बसू देत नाही. 2004 मध्ये संकटग्रस्त यादीत गेलेल्या तीन उत्तरी बेटांवरच्या खोकडी 2016 मध्ये यादीबाहेर आल्या. अमेरिकेच्या त्या कायद्याखाली कुठलाही सस्तन प्राणी इतक्या लवकर सावरला नव्हता.

म्हणून तिथे गेल्यावर कोणी तुम्हाला गरुडाऐवजी खोकडींचे सापळे तपासायला, तणांच्या बिया वेचायला किंवा बुटांचे तळवे घासायला बसवलं तर ते गरुडाचंच काम समजा. बूट घासण्याला मी तर फार महत्त्व देतो. मुख्य भूमीवरचं एक बी, एक मुंगी, एखाद्या होडीत लपून आलेलं जनावर पुरेसं होतं. कॅटालिना बेटावर 1999 च्या सुमारास बाहेरून आलेल्या डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाने तिथल्या खोकडी शंभराच्या आसपास आणून ठेवल्या. राष्ट्रीय उद्यानातल्या बेटांवर पाळीव कुत्रं नेता येत नाही ते याचसाठी. खोकडींना आता डिस्टेंपरची आणि रेबीजची लस टोचतात. तुमच्या शिक्षणाचा तिथे थेट उपयोग होईल.

नेहमीचा दिवस कसा जातो? फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी येतात. एक ते तीन, बहुधा दोन. साधारण 35 दिवस नर-मादी आळीपाळीने बसतात. तुम्ही समोरच्या उतारावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण, लावून बसायचं. किती अंतरावर? मोकळ्या जागी किमान दोनशे मीटर, आणि घरट्यावरून तुम्ही दिसत असाल तर त्याहून जास्त. पक्षी अंड्यांवर असेल तर घरट्याच्या काठावरून फक्त पांढरं डोकं दिसतं. पक्षी फारसा हलत नाही. मग एके दिवशी तोच पक्षी जरा उंच, अंग सैल सोडून बसलेला दिसतो आणि सारखा मान वाकवून स्वतःच्या पायांमध्ये बघायला लागतो. पिल्लू बाहेर आलंय. पिल्लू प्रत्यक्ष दिसायला अजून काही दिवस लागतील, पण वहीत तारीख त्या दिवसाची टाकायची. हे वाकून बघणं ओळखता आलं की तुम्ही या कामात रुळलात असं मी म्हणतो. पुढे खाणं कोणी आणलं, मासा होता की पक्षी, किती वाजता, कोणी भरवलं, हे लिहीत राहायचं. कंटाळवाणं वाटेल, पण एखाद्या जोडीचं अंडं फुटतं तेव्हा त्या जोडीच्या खाण्यात सी लायनचं मांस किती होतं हे सांगणारी तीच वही असते.

गरुड तुमच्यामुळे अस्वस्थ झाला हे उडण्याच्या बरंच आधी कळतं. आधी तो खाणं किंवा पिसं साफ करणं थांबवतो. मग मान ताठ करून तुमच्याकडे टक लावतो. मग बारीक, चिरक्या, तुटक आवाजात ओरडायला लागतो. सिनेमात बाल्ड ईगलच्या तोंडी जी लांबलचक किंकाळी घालतात ती रेड-टेल्ड हॉक नावाच्या दुसऱ्याच पक्ष्याची. खरा आवाज तुम्हाला कुरवाच्या आवाजासारखा बारीक वाटेल, त्यामुळे नवखे लोक तो इशारा आहे हे ओळखतच नाहीत. मान ताठ झाली त्याच क्षणी मागे सरकायचं. पक्षी उठून गेला तर अंडी थंड होतात आणि रेव्हन, म्हणजे आपल्या डोमकावळ्याहून मोठे कावळे, तेवढ्याची वाटच बघत असतात. चांगल्या फोटोसाठी अजून दहा पावलं पुढे जाणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी सोबत नेत नाही.

पिल्लांना हात लागतो तो साधारण आठव्या आठवड्यात, पायात ओळखीची कडी घालताना. त्याआधी पाय पुरते वाढलेले नसतात. त्यानंतर माणूस चढून आला की पिल्लू घाबरून घरट्याबाहेर उडी टाकतं, उडता मात्र येत नसतं. म्हणजे मोजके दिवस हाती असतात. वर परवानाधारक आणि अनुभवी माणूसच चढतो, तुम्ही खाली असता. पिल्लू पिशवीतून खाली येतं. आठ आठवड्यांचं पिल्लू म्हणजे गोंडस कापसाचा गोळा असेल अशी कल्पना असेल तर ती सोडा. ते काळपट तपकिरी, जवळजवळ आईएवढं धूड असतं. पांढरं डोकं यायला चार-पाच वर्षं लागतात. पहिल्यांदा डोक्यावर चामड्याची टोपी चढवायची. डोळ्यांसमोर अंधार झाला की ते विलक्षण शांत होतं. चोचीला फार घाबरू नका, सगळा धोका पायांत आहे. मागच्या बोटाची नखी तळहातात घुसली तर ती पकड सोडवायला दुसरा माणूस लागतो. म्हणून दोन्ही पाय पंजाच्या वर घट्ट, पण एकमेकांवर न घासता, मध्ये बोट ठेवून धरायचे. पाठ तुमच्या पोटाला लागलेली आणि पंख मिटलेले हवेत. वाढती पिसं फार जपावी लागतात. त्यांच्या दांड्यांत रक्त असतं आणि एक जरी मोडलं तरी बराच रक्तस्राव होतो.

मग एकाने मोजमापं घ्यायची, दुसऱ्याने लिहायची. चोचीची जाडी आणि मागच्या नखीची लांबी यांवरून नर की मादी ते ठरतं, कारण शिकारी पक्ष्यांत मादी नराहून चांगलीच मोठी असते. पंखाच्या आतल्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं. डीडीई, शिसं वगैरे त्यातूनच मोजतात. पायात रिव्हेट मारलेली कडी घालायची. साध्या कड्या गरुड चोचीने उघडून टाकतो. पूर्ण वेळ एका माणसाचं लक्ष फक्त पिल्लाच्या श्वासाकडे असायला हवं. चोच उघडी पडून घसा थरथरायला लागला तर अंग तापलंय. उरलेली मोजमापं सोडून द्यायची, सावली करायची आणि पिल्लू वर पाठवायचं. अपुरी नोंद चालते. मी नवीन पशुवैद्यांना हे आवर्जून सांगतो, कारण त्यांचा ओढा नमुना पूर्ण करण्याकडे असतो.

तुम्हाला गरुड खरंच हाताळायचे असतील तर किनाऱ्यावरच्या उपचार केंद्रात काही महिने काढा. तिथे येणाऱ्या गरुडांत शिशाची विषबाधा झालेले पुष्कळ. शिकारी जनावराचं पोट साफ करून आतडी रानात टाकून जातो, त्यात गोळीचे बारीक तुकडे असतात आणि गरुड ते गिळतो. पंख लोंबतात, हिरवी विष्ठा होते, मान धरवत नाही. इलाज म्हणजे शिसं बांधून बाहेर काढणारी इंजेक्शनं, कॅल्शियम ईडीटीए, आणि नशीब. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर 1 जुलै 2019 पासून पूर्ण बंदी आहे, पण गरुड राज्याच्या सीमा ओळखत नाही. या बेटांवर सोडलेले काही पक्षी कॅनडापर्यंत जाऊन आले आहेत. 2022 पासून एच5एन1 बर्ड फ्लूने अमेरिकेत बाल्ड ईगलही मेले आहेत, त्यामुळे आजारी किंवा मेलेला पक्षी उघड्या हातांनी उचलायचा नाही. जागा नोंदवायची आणि कळवायचं. डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं कशी संपवली हे तुम्ही अभ्यासलं असेलच. 2006 मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. शिसं आणि डीडीटीची गोष्ट त्याच जातीची आहे.

आता समोरासमोर येणाऱ्या प्राण्यांबद्दल. सांताक्रूझवर स्कॉर्पियन अँकरेजला बोटीतून उतरलात की पहिली भेट खोकडीशीच होईल. ती पळणार नाही, उलट तुमच्या डब्याकडे येईल. एक बिस्कीटही द्यायचं नाही. तळावर अन्न ठेवायला कड्या असलेल्या पेट्या दिलेल्या असतात, त्या बंद ठेवायच्या. रेव्हन तर पाठपिशवीची चेन चोचीने उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे: एक चेन ओढतो, दुसरा आत डोकं घालतो, आणि त्यांना मोजायची पट्टी आणि पोळीची सुरळी दोन्ही सारखीच हवी असतात. पिशवीच्या चेनला क्लिप लावायची. उंदरांकडे दुर्लक्ष करू नका. बेटावरच्या डिअर माउसमध्ये माणसाच्या जिवावर बेतू शकणारा हांता विषाणू असतो. बंद खोलीत उंदराच्या लेंड्या दिसल्या तर झाडू मारायचा नाही. खिडक्या उघडायच्या, जंतुनाशकाने भिजवायच्या आणि ओल्या फडक्याने पुसायच्या.

सी लायन आणि सील किनाऱ्यावर पसरलेले दिसले तर निदान 45 मीटर लांब राहायचं आणि त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीच यायचं नाही. पाण्याची वाट अडली की ते बिथरतात, आणि धावपळीत पिल्लं चेंगरतात. एकटं पडलेलं पिल्लू म्हणजे टाकून दिलेलं पिल्लू नव्हे, आई बहुधा समुद्रात खायला गेलेली असते. सॅन मिगेलवर एलिफंट सीलचे नर दोन टनांचे असतात आणि वाटतात त्यापेक्षा पुष्कळ चपळ असतात. सापांच्या बाबतीत उत्तरेकडची बेटं निर्धास्त आहेत. रॅटलस्नेक फक्त कॅटालिनावर आहे. कॅटालिनावर बायसनसुद्धा भेटतील. 1924 मध्ये चित्रीकरणासाठी आणलेल्या कळपाचे ते वंशज. वाटेत बायसन उभा असेल तर थांबायचं किंवा वळसा घ्यायचा. हाकलायचा विचारही नको.

एक गोष्ट कायद्याची. जमिनीवर पडलेलं गरुडाचं पीसही खिशात घालायचं नाही. 1940 च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे, भेट म्हणून मिळालं तरीही. सापडलेली पिसं आणि मेलेले पक्षी कोलोराडोतल्या नॅशनल ईगल रिपॉझिटरीकडे जातात आणि तिथून मूलनिवासी समाजांना त्यांच्या धार्मिक विधींसाठी मिळतात. परदेशी नागरिकाला या बाबतीत सवलत नाही. व्हिसा धोक्यात येईल ते वेगळंच.

राहिली तयारी. सर्वांत उपयोगी शाळा तुमच्या शहरातच आहे. संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांजाने कापलेल्या घारी पुण्या-मुंबईतल्या बचाव केंद्रांत भराभर येतात. तिथे हात लावायला शिका. घार किलोच्या आतली आणि बाल्ड ईगल पाच-सहा किलोपर्यंतचा, पण पाय कसे धरायचे, डोळे कसे झाकायचे, पंखाची शीर कुठे सापडते, ताण आला हे कसं ओळखायचं, हे सगळं तेच. पंखाच्या कातडीची पातळ घडी मांजाने चिरते ती शिवायला शिकलात तर कुठल्याही केंद्रात तुमचं स्वागत होईल. बघण्याचा सराव कोकणात करा. आपला समुद्री गरुड बाल्ड ईगलच्या जवळच्या नात्यातला आहे. तोही किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावकऱ्यांना त्याची झाडं माहीत असतात. एखादी जोडी निवडा, ऑक्टोबरपासून पिल्लू उडेपर्यंत सुट्टीच्या दिवशी जाऊन लांबून नोंदी ठेवा. झाडाखाली जाऊ नका, घरट्याची जागा इंटरनेटवर टाकू नका आणि ड्रोन तर अजिबात उडवू नका. अर्जासोबत ती वही जोडा. निवड करणारा माणूस प्रमाणपत्रांपेक्षा ती वही जास्त वेळ चाळेल.

जाण्याआधी धनुर्वाताची लस ताजी करून घ्या, रेबीजची प्रतिबंधक मात्राही घ्या, कारण खोकडींच्या कामाला ती बहुतेक ठिकाणी मागतात. चामड्याचे हातमोजे तिथे मिळतात, पण बहुधा पुरुषांच्या मापाचे असतात. मोठ्या मोज्यात बोटांना पकड कळत नाही, म्हणून स्वतःच्या मापाचे घेऊन जा. आणि बूट नवे कोरे न्या, म्हणजे बोटीवर चढण्याआधी तळव्यांतल्या बिया काढत बसावं लागणार नाही.